झोळीत झोपताना पाठ गार का पडते?

जानेवारीतली रतनवाडी. गाव भंडारदरा धरणाच्या फुगवट्याला लागून, त्यामुळे रात्री थंडीबरोबर दवही भरपूर. ओळखीच्या एका घरामागच्या दोन आंब्यांना मी हॅमॉक, म्हणजे झोपायची कापडी झोळी, बांधला, '५ अंशांपर्यंत' असं लिहिलेल्या स्लीपिंग बॅगेत शिरलो आणि झोपलो. दोनच्या सुमारास जाग आली. छाती-पोट उबदार, पण पाठ आणि कंबर ओल्या फरशीला टेकल्यासारखी गार. थर्मामीटर ७ अंश दाखवत होता. उरलेली रात्र घराच्या ओट्यावर काढली.

बॅग खराब नव्हती. ऊब कापडाची नसते, आतल्या भरणात अडकून राहिलेल्या हवेची असते. अंगाखाली ते भरण चेपलं की हवा निघून जाते आणि उरतात नुसते कापडाचे पदर. जमिनीवर झोपलं की खाली निदान मॅट तरी असते. झोळीखालून वारा वाहतो आणि पाठीची ऊब घेऊन जातो. जाडजूड बॅग घेऊन हे सुटत नाही, तीही चेपणारच.

पुढच्या वेळी कॅरीमॅट, म्हणजे फोमची गुंडाळता येणारी चटई, आत घातली. ती हलकी असते आणि पाण्याला भीत नाही. पण हॅमॉकमध्ये सरळ झोपलं तर पाठ केळ्यासारखी वाकते, म्हणून तिरकं झोपावं लागतं, आणि तिरकं झालं की मॅट एका बाजूला सरकते. शिवाय तिची रुंदी जेमतेम ५० सेंटिमीटर. झोळीचं कापड खांद्यांना दोन्हीकडून लपेटतं, तिथे मॅट पोचतच नाही. रात्रभर खांदे गार.

मग घरातली गोधडी झोळीच्या बाहेरून, खालून बांधली. त्या रात्री पहिल्यांदा पाठ गरम राहिली! बाहेर असल्यामुळे ती अंगाखाली चेपली गेली नव्हती. मात्र वजन अडीच किलो, आणि सकाळी दवाने इतकी जड झाली होती की पिशवीत कोंबवेना. तरी दिशा कळली: भरण झोळीच्या बाहेर हवं, आणि ते सुती नको.

अशी पाठीखालची रजई विकत मिळते, तिला अंडरक्विल्ट म्हणतात. पिसांची सगळ्यात हलकी आणि छोटी घडी होणारी; पण पिसं ओलावली की गोळा होतात आणि ऊब जाते. आपल्या सह्याद्रीतलं दव पाहता मी पॉलिएस्टरच निवडलं. वजन थोडं जास्त, पण ओलसर झालं तरी फुगीर राहतं. जॅकेटात भरतात ते २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅम) वॅडिंग आणि वर-खाली पातळ पॅराशूट कापड आणलं. लांबी १३० सेंटिमीटर, रुंदी ११०, म्हणजे खांद्यांपासून गुडघ्यांपर्यंत. पायांखाली कॅरीमॅटचा कापलेला तुकडा पुरतो, त्यामुळे रजई पूर्ण लांबीची करायची गरज नाही.

शिवायला शेजारच्या काकूंकडे दिलं. त्या गोधडीसारखा धावदोरा घालायला निघाल्या. "अरे, टाके नाही घातले तर आतलं सगळं एका कोपऱ्यात जाईल." त्यांचं बरोबर होतं, पण प्रत्येक टाक्याच्या रेषेवर भरण चेपून थंडीला वाट मिळाली असती. शेवटी कडा पक्क्या शिवल्या आणि मधे वीत-वीत अंतरावर एकेक सैल गाठ मारली. दोन्ही टोकांना नेफा करून त्यात इलॅस्टिक दोरी ओवली. एकूण वजन ४८० ग्रॅम.

खरी मेहनत बांधण्यात गेली. पुण्यात गच्चीवर तीन रात्री सराव केला. पहिल्या रात्री सैल राहिली, मधल्या पोकळीत वारा खेळत होता, ऊब शून्य. दुसऱ्या रात्री ताणून बांधली तर भरण चेपलं. तिसऱ्या रात्री मी आत झोपलो आणि भावाला रजई व झोळी यांच्यामध्ये हात घालायला सांगितला. हात सहज आत जातो, पण बोटांना दोन्ही कापडं लागतात, असा ताण जमला. दोरीवर त्या जागी गाठ मारून ठेवली. दोन्ही टोकं घट्ट आवळणंही तितकंच महत्त्वाचं, नाहीतर मानेजवळून वारा शिरतो.

यंदा डिसेंबरात पुन्हा त्याच आंब्यांखाली. वरची ताडपत्री वाऱ्याच्या बाजूला अगदी खाली ओढून बांधली. पहाटे चारला थर्मामीटरवर ६ अंश, ताडपत्रीवरून दव ठिबकत होतं. मी बॅगेतून हात काढून पाठीखाली झोळीच्या कापडाला लावला. कापड कोमट होतं. कूस बदलली आणि उजाडेपर्यंत झोपलो.