तुम्ही विचारलंत म्हणून: झाडांवर कात्री, मांजरांवर माया

मे महिन्यात परसातल्या पेरूच्या फांद्या जमिनीवर पडू लागल्या की कुंपणापलीकडून एक प्रश्न हमखास येतो. "काकू, झाडांवर इतकी निर्दय कात्री चालवता आणि मांजरांना मात्र पोटच्या पोरांसारखे सांभाळता, हे एकाच माणसाला जमते कसे?" गल्लीतल्या अनेकांनी हे विचारून झाले आहे. ज्या दिवशी मी माझ्या ठिपकी मांजरीला नसबंदीसाठी घेऊन निघाले, त्या दिवशी माझ्या नणंदेने तोच प्रश्न उलटा करून, जरा रागानेच विचारला: "वहिनी, झाडांचे एक वेळ समजू शकते, पण त्या मुक्या जिवालाही तुम्ही छाटायला निघालात का?" त्या दिवशी वन्संना उत्तर देता आले नाही. तुम्ही पुन्हा विचारलेत म्हणून आज सविस्तर लिहिते.

आमचे घर पुण्यातल्या सहकारनगरात, तळजाईच्या टेकडीच्या बाजूला आहे. मागच्या अंगणात दोन पेरू, एक अंजीर, एक आंबा, एक कागदी लिंबू आणि एक सीताफळ इतकी झाडे आहेत, आणि तेवढ्या जागेला ती जरा जास्तच आहेत. दोन्ही पेरू सासऱ्यांनी लावलेले, सरदार जातीचे, म्हणजेच लखनौ-४९. नाव लखनौचे असले तरी ही जात निवडली गेली ती पुण्यातच, गणेशखिंडच्या फळबागेत, फळशास्त्रज्ञ डॉ. चीमा यांच्या हातून. त्यामुळे या झाडाला मी मनातून पुणेकरच मानते. पेरूला फळ धरते ते त्या हंगामात फुटलेल्या कोवळ्या फांदीवर. जुनी फांदी कितीही डौलदार दिसली तरी तिच्यावर नवी फूट आली नाही तर फळ नाही. म्हणून उन्हाळ्यात झाडाचे पाणी तोडून त्याला ताण द्यायचा, मे महिन्यात गेल्या वर्षीच्या फांद्यांचे शेंडे तिसऱ्या हिश्शाइतके मागे घ्यायचे, आणि आत एकमेकींवर घासणाऱ्या, उन्हाला वाट न देणाऱ्या फांद्या बुडापासून काढायच्या. मृगाचा पाऊस पडला की नव्या फुटीच्या पानांच्या बेचक्यांत कळ्या दिसू लागतात आणि थंडीत, म्हणजे पेरू खरा गोड होतो त्याच दिवसांत, फळे हाताशी येतात. मे महिन्यात बोडके दिसणारे झाड पाहून ज्यांना वाईट वाटते, त्यांना मी डिसेंबरात पेरू नेऊन देते.

प्रत्येक झाडाचे वेळापत्रक मात्र निराळे असते, आणि हे मी नुकसान सोसून शिकले. एका वर्षी दिवाळीनंतर आंब्याची फांदी शेजारच्या गच्चीवर जाऊ लागली म्हणून मी एका माणसाला बोलावले. त्याने अर्ध्या दिवसात सगळ्या बाजूंनी शेंडे मारून झाड गोल करून दिले. मीही ते पाहून समाधानाने पैसे दिले. आंब्याचा मोहर येतो तो पावसाळ्यात वाढून पक्व झालेल्या फांद्यांच्या टोकांवर. ती टोकेच कोयत्याने गेली होती, त्यामुळे त्या वर्षी एकही मोहर आला नाही. त्याहून वाईट म्हणजे त्याने फांद्या अर्ध्यावर तोडून वीत-वीतभर खुंट्या ठेवल्या होत्या. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे सालीचा एक फुगीर कडा असतो. काप त्या कड्याच्या लगेच बाहेर घेतला तर झाड हळूहळू जखम झाकून टाकते. लांब खुंटी ठेवली तर ती वाळते, पावसाचे पाणी धरते आणि कूज आत खोडापर्यंत उतरते. दोन पावसाळ्यांत आंब्याची एक जाडजूड फांदी अशीच आतून पोकळ झाली. ती उतरवण्याआधी मला महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करावा लागला, कारण झाड स्वतःच्या अंगणातले असले तरी १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे त्यावर आपली मनमानी चालत नाही, आणि ते योग्यच आहे असे माझे मत आहे. आता आंब्याची विरळणी मी फळे उतरल्या उतरल्या करते. जड फांदी असेल तर आधी खालून एक चर पाडते, म्हणजे पडताना ती खोडाची साल सोलून नेत नाही, आणि कापावर लगेच बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट लावते: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. अंजिराची छाटणी पाऊस ओसरल्यावर करते, म्हणजे उन्हाळ्याचा मीठा बहार, म्हणजे गोड फळांचा हंगाम, मिळतो. त्याचा चीक अंगावर उतरला तर कातडी भाजल्यासारखी होते, म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा घालते. लिंबाला फारसे काही लागत नाही. वाळलेली सल आणि सरळ वर धावणारे पानसोट काढले की पुरे.

मांजरांची गोष्ट एका पाडलेल्या बंगल्यापासून सुरू झाली. आमच्या गल्लीत पुनर्विकासाची पहिली इमारत ठरली, शेजारचे कुटुंब भाड्याच्या फ्लॅटमध्ये गेले, आणि त्यांच्या मागच्या दारी वाढलेली एक तिरंगी मांजर तिथेच राहिली. मांजर जागेला धरून राहते. माणसे गेली तरी ती उंबऱ्याकडे परत येते, आणि उंबराच उरला नाही तर जवळच्या भिंतीवर येऊन बसते. ही आमच्या भिंतीवर बसली. पांढऱ्या अंगावर काळे-केशरी ठिपके, म्हणून ठिपकी. (तीन रंगांचे मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.) मी तिला दूधभात घातला, मार्चमध्ये तिने पाण्याच्या टाकीखाली पाच पिल्ले घातली, आणि आमच्या घरात आनंद झाला. नसबंदीचा विचार मनात आला होता, पण निसर्गाच्या कामात आपण हात का घालावा, असे म्हणून मी तो बाजूला ठेवला.

मांजरीचे गाभणपण सुमारे नऊ आठवड्यांचे असते, आणि पिल्ले अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. जुलैत ठिपकीने आणखी चार पिल्ले दिली. पहिल्या वेतातल्या दोन माद्या तेव्हा चार महिन्यांच्या होत्या आणि बोके त्यांच्यामागे फिरू लागले होते. अंगणात दहा मांजरे झाली. ताटल्यांवरून भांडणे, अंगावर ओरखडे, पेरूच्या आळ्यातली माती सतत उकरलेली. ऑगस्टमध्ये एक पिल्लू पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसले. त्याला तहान होती, पण पाणी पिववत नव्हते. उलट्या, जुलाब, अंग थंड. डॉक्टरांनी पाहताक्षणी सांगितले की हा पॅनल्यूकोपेनिया आहे, मांजरांचा विषाणूजन्य आजार, पिल्लांचा बहुतेकदा जीव घेणारा, आणि लसीने टाळता येणारा. आम्ही सलाइन लावले, रात्री जागलो. नऊ दिवसांत सहा पिल्ले गेली. ती मी सीताफळाच्या मागे पुरली. हा विषाणू जागेत महिनोन्‌महिने टिकून राहतो, त्यामुळे लस न घेतलेले पिल्लू पुढचे वर्षभर अंगणात आणू नका, असेही डॉक्टरांनी बजावले. त्या वर्षी दारात आलेले एक पिल्लू मला दुसऱ्या घरी पाठवावे लागले.

तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर त्या नऊ दिवसांत तयार झाले. ज्याला आपण अंगणात घेतले त्याची वाढ आवरणे ही त्याला खाऊ घालण्याइतकीच आपली जबाबदारी आहे. मी ती टाळली आणि तिची किंमत सहा पिल्लांनी दिली. माझ्या अंगणात किती मांजरांची लस, उपचार आणि पोटभर अन्न होऊ शकते, हे मी कागदावर मांडले तेव्हा आकडा चार आला. वन्संना मी जे म्हणायला हवे होते ते हेच.

तेव्हापासून मी जे करते ते सांगते, कारण पुष्कळांना नेमके तेच हवे असते. नव्या मांजराला आधी महिनाभर ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी खायला घालायचे; मग त्याच जागी सापळ्याचा पिंजरा ठेवून आत सुका बोंबील. पिंजऱ्यावर चादर टाकली की मांजर शांत होते. पिल्ले अंगावर असतील तर ती खायला लागेपर्यंत थांबायचे, पण त्यापुढे एक आठवडाही नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टर गुंगीतच कानाचे टोक किंचित कापतात, म्हणजे त्याच मांजराला कोणी दुसऱ्यांदा पकडून नेत नाही. मादीला टाके भरेपर्यंत न्हाणीघरात ठेवते, बोका एक-दोन दिवसांत मोकळा. रेबीजची आणि पॅनल्यूकोपेनियासह तीन आजारांवरची तिहेरी लस चुकवत नाही. दूध आता देत नाही, कारण बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही आणि जुलाब होतात. आणि एक गोष्ट हात जोडून सांगते: ताप वाटला म्हणून मांजराला पॅरासिटामॉल देऊ नका, छोटा तुकडाही नाही. त्याने मांजर दगावते.

दोन्ही माया एकमेकींच्या आड येतात ते पक्ष्यांच्या बाबतीत. शिंपी पक्षी अंजिराची रुंद पाने शिवून घरटे करतो, बुलबुल लिंबात करतो, आणि माझी मांजरे पोटभर खाऊनही शिकार सोडत नाहीत. म्हणून कात्री उचलण्याआधी मी प्रत्येक झाड खालून वर नीट पाहते. घरटे असेल तर ती फांदी पिल्ले उडेपर्यंत तशीच राहते, मग बहाराचे काही का होईना, आणि त्या खोडाला कमरेच्या उंचीवर गुळगुळीत पत्र्याचा पट्टा बांधते, म्हणजे मांजराची नखे रुतत नाहीत. तरीही गेल्या वर्षी बुलबुलाचे एक पिल्लू मी वाचवू शकले नाही.

ठिपकी आता नऊ वर्षांची आहे. तिच्याखेरीज अंगणात तिची एक मुलगी आणि नंतर आलेले दोन बोके आहेत, चौघांचेही कान टोकाला कापलेले. आंब्याची सर्वांत खालची, जमिनीला जवळजवळ समांतर गेलेली फांदी छाटणीच्या हिशोबाने केव्हाच जायला हवी होती; तिला ऊन मिळत नाही आणि पावसात चिखल उडून तिची पाने खराब होतात. पण ठिपकीच्या मागच्या पायांत आता उडी मारण्याइतकी ताकद उरलेली नाही, आणि गॅरेजच्या पत्र्यावरच्या उन्हात जायला तिला तेवढी एकच वाट आहे. या जूनमध्ये आंबे उतरून झाल्यावर मी त्या खालच्या फांदीच्या वरच्या दोन फांद्या काढल्या, कापांवर पेस्ट लावली, करवत पुसली आणि ती फांदी तशीच ठेवली.