कॅनॉल म्हटलं की

कॅनॉल म्हटलं की मला आधी फलटण आठवतं. नीरा उजवा कालवा, पण त्याला कालवा कोण म्हणतं, कॅनॉलच. आवर्तन सुटलं की मामा रात्री अकराला बॅटरी आणि खोरं घेऊन दारं धरायला जायचा आणि आम्ही पोरं दुसऱ्या दिवशी दुपारी घरी न सांगता पोहायला, आणि मग जो काही मार बसायचा तो बसायचा. म्हणजे कॅनॉल ही शेतीची गोष्ट, पाणी येतं, जातं, पाळी असते, भांडणं असतात, एवढंच डोक्यात पक्कं.

त्यामुळं इंग्लंडमध्ये श्रूजबरीला आल्यावर ऑफिसमधला एक जण दर महिन्याला "शनिवारी कॅनॉलवर कामाला जाणारे" म्हणायचा तेव्हा मला वाटायचं याची कुठंतरी शेती असणार. वर्षभरानं कळलं की शेती नाही काही नाही, हा माणूस ऐंशी वर्षांपूर्वी बंद पडलेला कॅनॉल परत खणायला जातो, फुकट, स्वतःचा डबा घेऊन.

तर तो हा माँटगोमेरी कॅनॉल. वेल्श भाषेत कामलास त्रेवाल्डविन, कामलास म्हणजे कॅनॉल. पस्तीसेक मैल लांब, सुरू होतो इंग्लंडमध्ये फ्रँक्टनला आणि संपतो वेल्समध्ये न्यूटाउनला, मध्ये लानामेनेख नावाचं गाव आहे तिथून बॉर्डर जाते, गावाच्या चक्क मधून. त्या नावाच्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीला डबल एल आहे, तो ल नव्हे आणि आपला ळ तर नव्हेच. जीभ ल ला लावायची तशी लावून नुसती हवा फुंकायची बाजूनं. मी ऑफिसमध्ये प्रयत्न केला तर समोरचा म्हणाला जवळपास जमलं, आता थुंकी कमी कर. मी त्याला ळ म्हणायला लावला मग, फिटंफाट.

या उन्हाळ्यात आई आलीये सहा महिन्यांसाठी. तिला घेऊन लानामेनेखला गेलो एका रविवारी. तिचा पहिलाच प्रश्न, "या पाण्यावर शेती किती भिजते?" म्हटलं शेती भिजतच नाही, इथं वरून एवढं पडतं की भिजवायचं कशाला, हा बोटींसाठी आहे. "मग शेतकऱ्याला काय उपयोग?" आणि इथं गंमत आहे कारण हा कॅनॉल खरंच शेतीसाठी खणला होता. पार्लमेंटनं १७९४ मध्ये परवानगी दिली, पैसे घातले ते मुख्यतः आजूबाजूच्या जमीनदारांनी, आणि त्यांना पाहिजे होता चुना. सेव्हर्न नदीच्या खोऱ्यातली जमीन आंबट, त्यात चुना टाकला की पीक सुधारतं. लानामेनेखच्या डोंगरात चुनखडी ढिगानं, ती बोटीत घालायची, कोळसा दुसऱ्या बोटीनं आणायचा आणि कॅनॉलच्या काठानं जागोजागी भट्ट्या लावून तिथंच भाजायची. १७९७ ला गार्थमिलपर्यंत कॅनॉल झाला, मग पैसे संपले (हे जगात सगळीकडं सारखंच दिसतंय), आणि न्यूटाउनपर्यंत पोचायला १८१९ उजाडलं. न्यूटाउन तेव्हा फ्लॅनेलच्या कापडाचं मोठं गाव.

चुन्याची भट्टी म्हटल्यावर आईचा चेहराच बदलला. लानामेनेखला हॉफमन भट्टी आहे, लांबलचक बोगद्यासारखी, आत कमानीकमानींच्या खोल्या आणि वर उंच चिमणी, विस्तव विझवायचाच नाही, एका खोलीतून पुढच्या खोलीत सरकत सरकत गोल फिरवत ठेवायचा, एकीकडं भाजून झालेला चुना काढायचा आणि दुसरीकडं नवा दगड भरायचा. ही भट्टी कॅनॉलच्या मानानं बरीच उशिराची. आई आत उभी राहून कमानीच्या विटांवरून हात फिरवत बसली. मग म्हणाली, आमच्या वाड्याला चुना घाण्यात मळलेला होता, बैल फिरायचा गोल. आणि मग पुढचा अर्धा तास आम्ही वेल्सच्या बॉर्डरवर उभं राहून आजोबांच्या वाड्याच्या वाटणीबद्दल बोललो, असो.

बंद कसा पडला ते सांगायचं राहिलं. १९३६ च्या फेब्रुवारीत फ्रँक्टनपासून मैलभरावर, पेरी नदीजवळ, काठ फुटला. मालक होती रेल्वे कंपनी, एलएमएस, म्हणजे लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश. आता रेल्वेवाल्यांना कॅनॉलचं किती प्रेम असणार. दुरुस्ती सुरू केली, मग थांबवली, बोटवाले अडकले ते अडकले, आणि १९४४ ला कायदा करून कॅनॉल अधिकृतपणे सोडून दिला. आणि त्यानंतर जे झालं तेच आज सगळ्यात जास्त नडतंय. पाणी आटलं, गाळ भरला हे ठीक, ते उपसता येतं. पण रस्तेवाल्यांनी जुने कमानीचे उंच पूल पाडले आणि रस्ता सरळ सपाट करून खाली एक पाइप टाकला. पाण्याला पाइप पुरतो, बोटीला नाही. म्हणजे कॅनॉल आहे, पाणी आहे, पण मध्येच डांबरी रस्ता आडवा, पुढं परत कॅनॉल. एकेक पूल परत उभा करायचा म्हणजे पौंडांमध्ये लाखांची गोष्ट.

तरी हा वाचला कसा, तर १९६९ मुळं. वेल्शपूल गावातून बायपास न्यायचा होता आणि मोकळी जागा कोणती, तर हा मेलेला कॅनॉल, बुजवा आणि रस्ता करा. तेव्हा श्रॉपशायर युनियन कॅनॉल सोसायटीनं ऑक्टोबरच्या एका वीकेंडला लोकांना हाक दिली, या आणि खणा. देशभरातून माणसं आली, शेकड्यानं, आणि दोन दिवसांत गावातला पट्टा उपसून काढला. निवेदन, मोर्चा वगैरे चालू असणारच पण मला हे आवडतं की त्यांनी आधी साफच करून दाखवला. गावातल्या लोकांना पण पहिल्यांदा दिसलं असेल की अरे इथं पाणी होतं आपल्याकडं. त्याला अजून बिग डिग म्हणतात आणि २०१९ ला त्याची पन्नाशी साजरी झाली. बायपास शेवटी कॅनॉलवरून गेलाच नाही. तो नव्वदच्या दशकात झाला, रेल्वेच्या जागेवरून, रूळ बाजूला सरकवून, आणि जुन्या स्टेशनच्या देखण्या बिल्डिंगमध्ये आता दुकान आहे. म्हणजे रेल्वेवाल्यांनी कॅनॉल सोडला आणि शेवटी रस्त्यानं जागा खाल्ली ती रेल्वेची. मला याचा जरा जास्तच आनंद होतो.

त्या खणण्यात पुढं असलेला एक माणूस ग्रॅहम पामर, त्यानं पुढच्याच वर्षी, १९७० ला, वॉटरवे रिकव्हरी ग्रुप काढला, जो आज ब्रिटनभर असे बंद कॅनॉल खणायला कॅम्प लावतो, लोक आठवडाभर सुट्टी टाकून चिखलात काम करायला जातात. तो १९८८ ला वारला. फ्रँक्टनच्या पुढं जमीन पीटची, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याची, वर्षानुवर्षं वाळून ती खाली बसली आणि कॅनॉलची लेव्हलच चुकली, म्हणून तिथं पूर्वी नसलेलं एक नवीन लॉक बांधावं लागलं. त्या लॉकला त्याचं नाव दिलंय. लॉक म्हणजे दोन दारांमधला हौद, बोट आत घ्यायची, दार लावायचं, पाणी सोडायचं किंवा भरायचं, बोट लिफ्टसारखी खालीवर होते.

तर मी पण गेले. एक शनिवार. क्रिकहीथच्या पुढं काम चालू होतं, इंग्लंडच्या बाजूचा शेवटचा तुकडा बॉर्डरपर्यंत जोडायचा त्यातलं. क्रिकहीथपर्यंत बोटी २०२३ पासून येतायत, पुढचा कोरडा पट्टा सोसायटीचे लोक थोडा थोडा करून पुढं नेतायत. मला वाटलं होतं खणायचं असेल, मी फलटणची, मला खोरं चालवता येतं, जरा भाव खाऊन सांगून पण ठेवलं होतं. खोरं कुणी दिलंच नाही. खणायला मशीन आहे. माणसांचं काम म्हणजे अस्तर. आधी उताराला शेप द्यायचा, त्यावर जाड नमद्यासारखं कापड, त्यावर काळी वॉटरप्रूफ शीट, आणि शीटला बोटीचा मार लागू नये म्हणून वर काँक्रीटचे पोकळ ब्लॉक, एकेक, हातानं, ओळीत. उतारावर उभं राहून. वरचा माणूस खालच्याला देतो, खालचा बसवतो, दोरी लावलेली असते तिच्या बाहेर गेला की काढा परत.

पूर्वी हे सगळं नव्हतं, पूर्वी चिकणमाती पाणी घालून तुडवायची, थरावर थर, म्हणजे पाणी झिरपत नाही. हे आईला सांगितल्यावर ती म्हणाली त्यात काय, धाब्याच्या घराला आम्ही पांढरी माती हेच करायचो. बरोबर आहे की.

माझ्या शेजारी एक रिटायर्ड काका होते (इथं काका कुणी म्हणत नाही, मी मनात म्हणते). पंचाहत्तरीच्या पुढचे असणार. बोलायचे कमी. तासाभरानं मी विचारलं, इथून न्यूटाउनपर्यंत बोट कधी जाईल? ब्लॉक खाली ठेवला, दोरीकडं बघितलं, अंगठ्यानं तो अर्धा इंच सरकवला आणि म्हणाले, चहा साडेदहाला असतो.

चहाला जाताना माझा डावा बूट चिखलात राहिला. पाय वर आला, बूट खालीच. मी बागेचे स्वस्तातले गमबूट घालून गेले होते, सूचनेत लिहिलं होतं पुढं स्टीलची टोपी असलेले बूट आणा, कोण वाचतं. दोघांनी ओढून बूट काढला, एकीनं केकचा तुकडा हातात दिला, कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

आता यातला वादाचा मुद्दा, कारण वाद नाही असं काम असतं का. बोटी नव्हत्या त्या काळात या कॅनॉलमध्ये एक पाणवनस्पती मस्त वाढली, फ्लोटिंग वॉटर प्लांटेन, तीन पाकळ्यांचं छोटंसं पांढरं फूल, मध्ये पिवळं, तरंगती पानं. युरोपात ती दुर्मिळ, त्यामुळं वेल्समधला कॅनॉल संरक्षित झाला. मग बोटी आणायच्या कशा? जास्त बोटी आल्या तर पाणी गढूळ आणि रोपं मरणार. पण अजिबात बोटी नाहीत, कुणी साफ करत नाही, तर बाकीचं गवत माजून तिला गिळणार, म्हणजे तिलाही थोडी वर्दळ लागते. त्यामुळं बाजूला वेगळी तळी करून रोपं ठेवायची, बोटींची संख्या मर्यादित ठेवायची, असं चाललंय. फ्रँक्टनच्या लॉकमधून आत यायला आधी बुकिंग लागतं. बोटवाले कुरकुरतात, निसर्गवाले पण कुरकुरतात, आणि दोघं एकाच टेबलावर केक खातात. मला विचाराल तर मी फुलाच्या बाजूनं. आई बोटीच्या.

वेल्शपूलच्या आजूबाजूला लांब पट्टा पाण्यानं भरलेला आहे, बेटासारखा, बाकी कॅनॉलना अजून न जोडलेला. सत्तरच्या दशकात तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या कमिटीनं तिथला तुकडा दुरुस्त केला. तिथंच अपंग माणसांना फिरवणारी ट्रस्टची बोट चालते, बरीच वर्षं. आणि दरवर्षी ट्रायथलॉन असते, सायकल, मग कनू (वल्ह्याची छोटी होडी), मग पायी, सगळं कॅनॉलच्या काठानं, थोडे पैसे कामाला आणि बरीचशी मजा. पोरगं म्हणतंय पुढच्या वर्षी आपण कनूवाला भाग करू. बघू. त्याला पोहता येतं, तेही स्विमिंग पूलमध्ये, रीतसर परवानगीनं.

वेल्शपूलला गेलात तर वर टेकडीवर पोविस कॅसल आहे. तिथं टिपू सुलतानचा छापील कापडाचा तंबू आहे, त्याच्या सिंहासनावरचं सोन्याचं वाघाचं डोकं आहे. श्रीरंगपट्टण १७९९ ला पडलं तेव्हा रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा मद्रासचा गव्हर्नर होता, त्याची बायको पोविसच्या घराण्यातली, सामान आलं इकडं. थोरल्या क्लाइव्हचा पुतळा तर श्रूजबरीच्या चौकात रोज बघते मी, भाजी आणायला जाताना. आई तंबूसमोर बराच वेळ उभी होती आणि मग नुसतं म्हणाली, धुतलाय का गं हा कधी. काय बोलणार.

घरी आल्यावर बुटाचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला, गाळानं भरलेला, बाल्कनीत उलटा वाळत घातलेला, खाली लिहिलं आज कॅनॉलवर काम केलं. पाच मिनिटांत फलटणहून मामेभावाचा मेसेज, पाणी कधी सुटणार तुमच्याकडं?

लिहिलं, अजून पूल बाकी आहेत, आधी ते होऊ देत. त्यावर त्याचा अंगठा. मग मी स्टीलच्या टोपीचे पाच नंबरचे बूट ऑर्डर केले, येतायत गुरुवारी.