एसएसडी गेली म्हणे!

आजचा रविवार शेजारच्या काकांच्या डेस्कटॉपपुढे गेला. हिशेबाच्या फाइली उघडेनात, मधूनच विंडोज अडकायचं. एसएसडीबद्दल, म्हणजे डेटा साठवणाऱ्या डिस्कबद्दल, ओळखीतल्या सगळ्यांचा निकाल एकच: "एसएसडी गेली, नवी घ्या."

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, एनटीएफएसच्या (विंडोजची डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, म्हणजेच फाइल सिस्टीम) ५५ क्रमांकाच्या नोंदींची रांगच लागली होती. या नोंदीतून फाइल सिस्टीमची रचना बिघडलीय एवढं कळतं, का बिघडली ते नाही. आधी सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर घेतला. 'चेकडिस्क' या विंडोजच्या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रामला थेट दुरुस्तीला लावलं की ते आपल्या मर्जीने डागडुजी करतं आणि कधी कधी फाइलींचे नुसते तुकडे हाती देतं. म्हणून पहिल्यांदा ते कुठलाही स्विच, म्हणजे आज्ञेपुढचं जादा अक्षर, न लावता चालवलं. तसं ते फक्त वाचतं, काही बदलत नाही. चुका दिसल्या.

मग स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीचे ठेवते ते, आकडे पाहिले. ५ क्रमांक, म्हणजे खराब म्हणून बदली केलेले सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे कप्पे): शून्य. १९९ क्रमांक, सीआरसी चुका: भरमसाट! या चुका डेटाच्या वाटेवरच्या, म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या देवाणघेवाणीतल्या असतात. संशयित अर्थातच या दोघांना जोडणारी सॅटा केबल, कॅबिनेटच्या झाकणाखाली चेपून वाकडी झालेली.

केबल बदलली, मग दुरुस्तीचा 'एफ' स्विच लावून चेकडिस्क चालवलं, मोठ्या फाइली इकडून तिकडे केल्या. १९९चा आकडा जागचा हलला नाही. तो मागे येत नाहीच, वाढत नाही ना एवढंच बघायचं.

काका जुनी केबल ड्रॉवरमध्ये ठेवत होते, "असू दे, लागेल कधीतरी." मी तिथल्या तिथे कात्रीने तिचे दोन तुकडे केले.