तबस्सुमबाई आणि आपल्या शाळेचा माईक

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवणी मागवल्या तेव्हा बहुतेक जण आपापल्या गुरुजींवर लिहितील हे ठाऊक होतं. मीही त्यांच्यावर लिहिणारच आहे, पण सुरुवात आपल्या शाळेची पायरी कधीही न चढलेल्या एका बाईंपासून करते. तबस्सुम, दूरदर्शनवर ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ सादर करणाऱ्या. आज मी नागभीड-ब्रह्मपुरीकडे कार्यक्रमांचं निवेदन करते, झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धान-जंगलाच्या भागातल्या, कलावंतांना मंचावर बोलतं करते. हे काम मी त्यांना पाहून शिकले आणि आपल्या शाळेच्या माईकवर पहिल्यांदा केलं.

१९८० नंतरची ती वर्षं. गावात टीव्ही एकच, ग्रामपंचायतीचा. उंच बांबूला अँटिना बांधलेला, वारा सुटला की पडद्यावर नुसत्या मुंग्या. तरी बाया धानाच्या बांधीतून आल्या की हातपाय धुऊन तिथं येऊन बसायच्या. माझी आजी हिंदी फारसं समजत नसतानाही पुढच्या रांगेत असायची. केसांत फूल माळलेल्या, खळखळून हसणाऱ्या तबस्सुमबाई पडद्यावर आल्या की आजी म्हणायची, “आली वं आपली हासरी.” समोर एखादा मोठा नट बसलेला असायचा, पण आजीला त्याचं काही नव्हतं. तिला या बाईचं बोलणं ऐकायचं असायचं.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आणि त्याच वर्षापासून १९९३ पर्यंत, म्हणजे एकवीस वर्षं, तबस्सुमबाईंनी हा कार्यक्रम चालवला. भारतीय दूरदर्शनवरचा गप्पांचा पहिला कार्यक्रम म्हणून त्याचं नाव घेतात. कसं बोलायचं याचा कित्ता त्यांच्यासमोर नव्हता, तो त्यांनीच घातला. सिनेमावाले त्यांच्यापुढं एवढे मोकळे का व्हायचे, याचं उत्तर मला पुढं त्यांचं आयुष्य वाचताना मिळालं. त्या सिनेमाच्याच अंगणात वाढल्या होत्या.

जन्म १९४४ चा, मुंबईतला. वडील अयोध्यानाथ सचदेव, आई असगरी बेगम, दोघंही स्वातंत्र्यलढ्यातले. वडिलांनी आईच्या धर्माचा मान राखून मुलीचं नाव तबस्सुम ठेवलं, आणि आईनं वडिलांच्या धर्माचा मान राखून किरणबाला. देशाची फाळणी तीन वर्षांवर येऊन ठेपली होती त्या काळात एका घरात हे घडलं. मला त्यांच्या साऱ्या चरित्रातली ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

१९४७ मध्ये, वय जेमतेम तीन असताना, बेबी तबस्सुम पडद्यावर आली. १९५१ च्या ‘दीदार’मध्ये नर्गिसचं बालपण तिनं केलं, तर १९५२ च्या ‘बैजू बावरा’मध्ये मीनाकुमारीचं. या दोन नायिकांचं लहानपण जिनं रंगवलं, तिच्या वाट्याला मोठेपणी नायिकेचं काम फारसं आलं नाही. बालकलाकारांच्या बाबतीत असं पुष्कळदा होतं आणि त्यातले कितीतरी मग दिसेनासे होतात. तबस्सुमबाईंनी छोटी कामं केली, ‘गृहलक्ष्मी’ मासिकाचं संपादन पंधरा वर्षं केलं, १९८५ मध्ये ‘तुम पर हम कुर्बान’ नावाचा सिनेमा स्वतः दिग्दर्शित केला. उतारवयात यूट्यूबवर ‘तबस्सुम टॉकीज’ सुरू करून जुन्या सिनेमाच्या आठवणी सांगत बसल्या. १८ नोव्हेंबर २०२२ ला गेल्या, तोवर बोलणं थांबलं नव्हतं. नायिका झाल्या असत्या तर पाच-दहा वर्षं लोकांना आठवल्या असत्या. सूत्रधार झाल्या म्हणून माझ्या आजीपर्यंत पोचल्या, असं माझं ठाम मत आहे.

आता शाळेकडे येते. मी आठवीत असताना आमच्या मराठीच्या बाई वर्गात विचारू लागल्या, स्नेहसंमेलनात निवेदन कोण करणार? तोवर ते काम मुलांकडेच असायचं. मी मधल्या सुट्टीत मैत्रिणींच्या मुलाखती घ्यायचे, हातात लाटणं धरून, हे बाईंनी कधीतरी पाहिलं होतं. त्यांनी मला उभं केलं. मी मान खाली घातली तर म्हणाल्या, “काऊन वं, सुट्टीत तं रेडिओवानी बोलतं. आता का झालं?” आणि कागद हातात दिला. दोनच गोष्टी त्यांनी घोटून घेतल्या. ज्याला बोलवायचं त्याच्याबद्दल आधी चार माणसांना विचारून यायचं, आणि तो बोलायला लागला की आपण गप्प व्हायचं. त्या वर्षी मी शाळेच्या शिपाईकाकांना मंचावर बोलवून बोलतं केलं. ते दंडारीत, म्हणजे आपल्याकडच्या लोकनाट्यात, नाचायचे हे अर्ध्या गावाला माहीत होतं, पण शाळेला माहीत नव्हतं. त्यांनी तिथंच ताल धरला, आणि मुख्याध्यापकांनी पुढचा कार्यक्रम अर्धा तास पुढं ढकलला.

आपल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात, रात्रभर नाटकं चालतात. वडसा हे गाव या नाटकांचं मोठं ठाणं. इथले नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्या लोकांनी या रंगभूमीकडे पाहिलं. पण रात्री राणी होऊन सकाळी गाडीत बसून पुढच्या गावाला निघणाऱ्या बायकांना समोर बसवून निवांत कोणी विचारत नाही, की बाई, पहिलं काम कसं मिळालं, लेकरं कोणाजवळ ठेवून येता? मी विचारते. त्या बोलतात, आणि फार सुंदर बोलतात.

महोत्सव समितीला माझी एक विनंती आहे. समारोपाच्या दिवशी पाहुण्यांच्या भाषणांतला तासभर काढून आपल्याच भागातल्या एखाद्या ज्येष्ठ नाट्यकलावंत बाईंची मुलाखत ठेवा. ती आठवी-नववीच्या मुलींना घेऊ द्या. तयारीसाठी मी आठवडाभर आधी गावात येऊन राहते.