जुनीच मारून दे!

नवा लॅपटॉप घ्यायचा आणि पहिलं काम काय, तर त्यातली नवी विंडोज काढून जुनी टाकायची. विंडोज व्हिस्टाच्या काळात हा उद्योग कितीतरी घरांत झाला. जानेवारी २००७ मध्ये ती बाजारात आली, काचेसारख्या खिडक्या मिरवत. तिच्या आधीच्या एक्सपीला १२८ एमबी रॅमची शिफारस होती. हिच्या दिमाखाला १ जीबी हवी. वर एखादा प्रोग्रॅम टाकायला जावं, तर सगळा पडदा काळवंडायचा आणि परवानगीची विचारणा व्हायची. मला वाटतं, लोक मंदपणापेक्षा या चौकशीनंच जास्त चिडले. स्वतःच्या घराचं दार उघडताना कुणी ‘आपण कोण?’ विचारलं तर कोण ऐकून घेईल?

मग ओळखीतल्या विंडोज मारून देणाऱ्या मुलाला फोन जायचा. तशी मायक्रोसॉफ्टचीही याला ना नव्हती. व्हिस्टा बिझनेस किंवा अल्टिमेट घेतली असेल, तर एक्सपी प्रोफेशनलवर परतायचा हक्क त्या परवान्यातच होता. मुलाच्या बॅगेतल्या सीडीला मात्र परवान्याशी काही देणंघेणं नसे.

पुढच्या आवृत्तीवर जायला ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ पुरतं. मागे यायला कसब लागायचं. एक्सपी २००१ ची. नव्या लॅपटॉपातली साटा, म्हणजे नव्या जोडणीची, हार्डडिस्क अनेकदा तिला दिसतच नसे. एफ-६ दाबा आणि ड्रायव्हरची, म्हणजे विंडोजला तो भाग ओळखायला शिकवणाऱ्या प्रोग्रॅमची, फ्लॉपी घाला, म्हणे! फ्लॉपीची खाच तर लॅपटॉपांवरून केव्हाच गेलेली. मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये, शिरून डिस्कचा मोड नव्या एएचसीआयवरून जुन्या आयडीईवर आणायचा, म्हणजे नव्या डिस्कनं जुनीचं सोंग घ्यायचं. एवढ्या खटाटोपानंतर एक्सपीची ती हिरवी टेकडी पडद्यावर उगवली, की कळायचं, आवाज येत नाही आणि वायफायचा पत्ता नाही. ड्रायव्हर नेटवरून उतरवायचा, तर नेटचाच ड्रायव्हर नाही. निघा पेनड्राइव्ह घेऊन शेजाऱ्यांकडे.

काहींच्या बाबतीत मात्र तो नुसता हट्ट नव्हता. मराठी डीटीपीवाल्यांचा हात पानं जुळवायच्या पेजमेकर ७ वर बसलेला, फॉन्ट श्रीलिपीसारखे, युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या सामायिक संकेतांच्या, आधीच्या वळणाचे. पेजमेकरला युनिकोड कळत नाही. वर्षानुवर्षांच्या लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंक सगळे त्याच फाइलींत, आणि हा सगळा संसार एक्सपीवर. ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं, संपला तेव्हा ‘आता बदला’ म्हणणारे पुष्कळ निघाले. त्यांनी आधी त्या स्मरणिका पुन्हा टाइप करून द्यायला हव्या होत्या. असं यंत्र चालवायचंच असेल, तर त्याची नेटची वायर तेवढी काढून ठेवावी.

आता विंडोज १० वरून ११ वर गेलेल्याला परतायचं बटण सेटिंग्जमध्येच मिळतं. मुदत १० दिवस. तोवर जुनी विंडोज सी ड्राइव्हवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरात पडून असते, मग पुसली जाते. १० चाही आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, तरी परतीची चौकशी थांबत नाही. कारण विचारावं, तर बहुतेकांची तक्रार एकच: स्टार्टचं बटण मधोमध गेलं. ते सेटिंग्जमधून डावीकडे नेता येतं हो, त्यासाठी फॉरमॅट मारायला नको.