निकाल कोण सांगणार?

मी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. एका मालिकेला प्रयोगशाळेतले प्रसंग बरोबर हवे होते, म्हणून ठाण्यात घोडबंदर रोडच्या सेटवर मला बोलावलं होतं. कथेत गावात ताप पसरतो, नेहमीची औषधं चालत नाहीत आणि कुठलं अँटिबायोटिक लागू पडेल हे संशोधक नायिका शोधते. पटकथेत मात्र ते तिला कणीक मळताना सुचत होतं, आणि निकाल जाहीर करत होते तिचे सर.

"हे सुचत नाही हो, तपासावं लागतं," मी दिग्दर्शकांना म्हटलं. त्यांनी 2019 च्या 'मिशन मंगल'चा दाखला दिला. त्यातल्या तारा शिंदेला इंधन वाचवायची युक्ती पुऱ्या तळताना सापडते. विद्या बालन मलाही आवडली होती. पण मंगळयानाच्या खऱ्या चमूतल्या ऋतू करिधाल यांचं काम होतं यानाला स्वतःचे निर्णय स्वतः घ्यायला लावणारी यंत्रणा उभी करण्याचं. 24 सप्टेंबर 2014 ला यान मंगळाच्या कक्षेत शिरलं तेव्हा इथून संदेश पोचायला सुमारे साडेबारा मिनिटं लागत होती. ऐनवेळी काही बिघडलं असतं तर इथून हात लावता आला नसता. याहून थरारक प्रसंग कुठून आणायचा? स्वयंपाकघर माझ्याही घरात आहे. पण शास्त्रज्ञ बाईची वर्षानुवर्षांची मेहनत त्या एका कढईत घालवली, याचा मला राग येतो.

मग अभिनेत्रीला शिकवायला बसले. सरावासाठी जंतूंच्या द्रावाऐवजी निर्जंतुक मिठाचं पाणी घेतलं. आगरच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीच्या प्लेटवर त्यात बुडवलेला कापसाचा बोळा एका दिशेने फिरवायचा, प्लेट वळवायची, परत फिरवायचा, असं तीनदा. औषधाच्या चकत्या चिमट्याने ठेवायच्या, एकदा टेकली की सरकवायची नाही. मग 35 अंशांवर 16 ते 18 तास. ज्या चकतीभोवती जंतू वाढत नाहीत तिथे स्वच्छ वर्तुळ उमटतं; ते पट्टीने मोजायचं आणि औषध लागू पडतं का ते तक्त्याशी ताडून बघायचं. फोटो दाखवल्यावर आर्टवाल्या दादांनी हुबेहूब तशी प्लेट करून दिली.

अभिनेत्रीने पट्टी लावली, आकडा वाचला आणि दिग्दर्शकांकडे वळली. "मोजलं मी, मग निकाल सर का सांगतात?"

सरांचं वाक्य तिला मिळालं. कणकेचा प्रसंग मात्र चॅनेलने ठेवलाच. पुढच्या भागांच्या पटकथा चित्रीकरणाआधी मला दाखवा, असं मी लेखी कळवलं आहे.