मावशी दाढा काढायला आल्या होत्या

ठाणे पूर्वेला माझा दातांचा दवाखाना आहे. चेंदणी कोळीवाड्यातल्या, मासळी विकणाऱ्या एक मावशी त्या सकाळी आल्या आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, “डॉक्टरबाई, या दाढा काढूनच टाका. थंड पाणी लागलं की मस्तकात कळ जाते. पाणीसुद्धा कोमट करून पिते मी.”

दाढा तपासल्या. कीड नाही, ठोकून दुखत नाही, एक्स-रे स्वच्छ. हिरड्या मात्र खाली गेलेल्या आणि दातांच्या मुळाशी खाचा, तपासायच्या बारीक सळईचं, प्रोबचं, टोक अडकेल इतक्या खोल. तिथे हवेचा फवारा मारताच मावशींनी खुर्चीचा हात घट्ट धरला. दोन-तीन सेकंदांत कळ ओसरली आणि माझा जीव भांड्यात पडला. कळ बराच वेळ रेंगाळली असती, रात्री झोपेतून उठवत असती, तर आतली नस सुजल्याची शंका आली असती. तिथे सेन्सिटिव्ह दातांच्या टूथपेस्टचं काम नसतं.

“दात कशाने घासता?”

“मिश्रीने. मग ब्रशने, चांगला जोर लावून. मासळीचा वास जायला नको?”

खाचांचा उलगडा झाला. मिश्री आणि जोराच्या ब्रशने दात झिजून आतला थर, म्हणजे डेंटिन, उघडा पडला होता. डेंटिनमध्ये एक-दोन मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंदीच्या असंख्य नळ्या असतात. थंड लागलं की त्यांतला द्रव हलतो आणि नस चाळवते. स्वीडनचे दंतसंशोधक ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६०च्या दशकात हे प्रयोगांनी दाखवलं.

“मुलाने ती सेन्सिटिव्हची पेस्ट आणली होती. चार दिवस लावली, काही फरक नाही. ठेवून दिली.”

हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं. औषध बरोबर असतं, मुदत कुणी सांगितलेली नसते. त्या पेस्टमध्ये ५ टक्के पोटॅशियम नायट्रेट होतं. पोटॅशियम नळ्यांतून हळूहळू नसेपर्यंत पोचतं आणि तिची कळ पाठवण्याची ताकद कमी करतं. याला दोन ते चार आठवडे लागतात, तेही रोज दोनदा लावली तर. स्टॅनस फ्लोराइड किंवा आर्जिनीनच्या पेस्ट नळ्यांची तोंडंच बुजवतात. पण वरून रोज खरवडत राहिलं, तर बुजलेली तोंडं पुन्हा उघडी पडणार.

मावशींना तीच पेस्ट पुन्हा सुरू करायला सांगितली. मऊ ब्रश, हलका हात. घासून झाल्यावर थुंकायचं, खळाखळा चुळा भरायच्या नाहीत. सोलकढी किंवा लिंबू घेतल्यावर लगेच ब्रश नाही, अर्धा तास तरी जाऊ द्यायचा. मिश्रीचा विषय सर्वांत अवघड. ती भाजलेली तंबाखूच, तिची तलफ येते. नुसतं ‘सोडा’ म्हणून ती सुटत नाही.

महिन्याभराने आल्या तेव्हा त्याच फवाऱ्याला म्हणाल्या, “लागतंय, पण सोसवतं.” सगळ्यात खोल खाचा दात भरायच्या सिमेंटने भरल्या. एकही दाढ काढली नाही. सकाळची मिश्री सुटली आहे. रात्रीची अजून आहे, त्यासाठी आता सुनेलाही बोलावलं आहे.